गुडघ्यांच्या गोळ्या

अर्पिताच्या साक्षगंधाच्या दिवशी सकाळी अविनाशच्या हातून चहाची बशी निसटली, ती त्या आठवड्यातली तिसरी. सिंधूताई ओट्यावर बसून पाहुण्यांसाठी फुटाण्यांच्या पुड्या बांधत होत्या. चहा त्याच्या नव्या कोऱ्या पायजम्यावर सांडला. फुटाण्यांच्या भट्टीवरची वाळूने भरलेली तापलेली कढई एकट्याने तोलणारा चौतीस वर्षांचा गडी आपल्याच हाताकडे परक्यासारखा बघत राहिला. बोटं थरथरत होती.

“भाजलं काय रे?”

“नाई, मोठी माय.” त्याची जीभ जड झाली होती. “हात ऐकूनच नाई राह्यला.”

सिंधूताईंनी पदराने त्याचा पायजमा टिपला. त्या त्याच्या चुलती. स्वतःचं मूल झालं नाही, आणि अविनाशच्या जन्मानंतर त्याची आई, बेबीताई, वर्षभर अंथरुणाला खिळलेली. तेव्हापासून तो ‘मोठी माय’ म्हणून त्यांच्याच पदराला. त्याचे पहिले दात, पहिला ताप, शाळेतून मार खाऊन आलेला पहिला दिवस, सगळं त्यांना आजही तारीखवार सांगता आलं असतं.

अविनाशचा बाप, शालिग्राम, मांडवातून आत आला. डोक्याला फेटा, कपाळाला घाम. पोराचा पायजमा पाहून तो दारातच थांबला.

“आज बी घेतली काय बे? बहिनीच्या साक्षगंधाच्या दिवशी?”

“पेला नाई तो, भाऊजी. मी सकाळपासून पाहून राह्यली.”

“मंग डुलून काऊन राह्यला? काल भट्टीपाशी पडता पडता वाचला. वयनी, तुमीच त्याले डोक्यावर चढवलं.” मग आवाज खाली आणत त्याने बेबीताईंना हाक मारली. “मेहकरहून तीन गाड्या निघाल्या. हा असा मांडवात आला तं झालंच आपलं.”

बेबीताई हात पुसत आल्या. पोराकडे त्यांनी क्षणभरच पाहिलं. बारा वर्षांत त्यांना लपवायची सवय झाली होती.

“धामणगाव बढ्याले ऑर्डर पोचवायले गेला म्हनू. तुराट्यांच्या खोलीत निजू द्या त्याले. थंड असते तथी.”

 सिंधूताईंच्या खांद्याला धरून, दारुड्यासारखे पाय टाकत, अविनाश भट्टीमागच्या जळणाच्या खोलीत गेला आणि तुराट्यांच्या मोळ्यांपाशी टाकलेल्या सतरंजीवर आडवा झाला. शालिग्रामने बाहेरून कडी घातली. सिंधूताईंनी ती कडी पाहिली आणि मान फिरवली. तसली एक कडी त्यांनी आधीही पाहिली होती.

ते वर्ष चौऱ्याऐंशीचं. त्यांचं लग्न होऊन तीनच वर्षं झाली होती. वैशाखात त्यांच्या मालकांनी झोपणं सोडलं. चार दिवस भट्टी विझू दिली नाही, वर्षभरासाठी भरलेला सगळा हरभरा भाजून काढला आणि अमडापूरच्या बाजारात ओंजळी भरभरून वाटला. गाणी म्हणत होते, लोक टाळ्या वाजवत होते. सिंधूताईंना त्या दिवसांत नवऱ्याचा केवढा अभिमान वाटला होता, हे त्यांनी पुढे कोणालाच सांगितलं नाही. दसऱ्यानंतर तोच माणूस भिंतीकडे तोंड करून निजला. अंघोळ नाही, जेवण नाही. सासूने मांत्रिक आणला, सासऱ्याने कडी घातली. कार्तिकात एका पहाटे कडी उघडी राहिली आणि दिवस वर येईपर्यंत पैनगंगेच्या डोहावर माणसं जमली. “पाय घसरला,” असं सासूने सगळ्यांना सांगितलं आणि सिंधूताईंचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. “पोरीचं लगन व्हायचं हाय. तू बोल्ली तं तिचं कोनी पानी पिनार नाई.” नणंदेचं लग्न झालं. सिंधूताई गप्प राहिल्या त्या राहिल्याच.

म्हणून अविनाशला बाविसाव्या वर्षी तेच लागलं, तेव्हा घरात कोणाला आश्चर्य वाटलं नाही. फक्त आता दवाखाना होता. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. एक गोळी तर मिठाच्याच जातीची आहे म्हणाल्या, अंगात किती झाली ते रक्तातून बघत राहावं लागतं. बेबीताईंनी गोळ्या पाकिटातून काढून हिंगाच्या डबीत भरल्या आणि फाइल मुरमुऱ्यांच्या रिकाम्या डब्यात, तळाशी. गावाला सांगितलं, थायरॉईड आहे. बारा वर्षं त्या डबीवर पोरगं बरं चाललं होतं.

आणि गेल्या आठवड्यात, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, तो रिपोर्ट आला.

डॉक्टरीणबाई नागपूरच्या कुठल्या संशोधनासाठी आपल्या पेशंटांचं रक्त पाठवत होत्या. अविनाशचंही पाठवलं होतं. त्या दिवशी त्याच्यासोबत सिंधूताई गेल्या. सोबत पावशेर फुटाणे नेले होते. बाईंनी दोन तोंडात टाकले आणि कागद पुढे ओढला.

“तुमची भट्टी आहे ना? मग तुम्हाला लवकर कळेल. आपल्या अंगात बारीक बारीक पेशी असतात. प्रत्येकीत छोट्या भट्ट्या. अन्न जाळून ताकद तयार करतात. या आजारात त्या भट्ट्या नीट चालत नाहीत, असं दिसतंय. शिवाय रक्तात सुजेच्या खुणा वाढलेल्या सापडतात. अविनाशच्या रक्तात सापडल्या.”

“सूज?” सिंधूताई पुढे सरकल्या. “डोक्याले सूज हाय?”

“डोळ्यांना दिसणारी नाही. रक्तातली. पण सगळ्याच पेशंटांत नसते. सुजेमुळे आजार की आजारामुळे सूज, हेही अजून कळलेलं नाही. हे सगळं शोधकाम आहे, आजी. याच्यावरून औषध बदलायचं नाही. आहेत त्या गोळ्या तशाच चालू ठेवा.”

सिंधूताईंच्या कानात शेवटचं काही शिरलं नाही. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. चाळीस वर्षं ज्याला लोकांनी बाहेरची बाधा म्हटलं, नाटक म्हटलं, कामचुकारपणा म्हटलं, त्याचा कागद निघाला होता. त्यावर आकडे होते. सूज होती. साधी, माणसाच्या गुडघ्याला येते तशी सूज. परतीच्या गाडीत त्या अविनाशचा हात हातात धरून बसल्या. मालकांच्या वेळी कोणी हे सांगितलं असतं तर, एवढंच त्यांच्या मनात फिरत होतं.

सुजेची गोळी त्यांच्या कमरेच्या चंचीत होतीच. चिखलीच्या डॉक्टरने गुडघ्यांसाठी दिलेली. खाल्ली की दुपारपर्यंत पाय हलके. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपल्या वाट्याच्या गोळ्या पोराला द्यायला सुरुवात केली. सकाळी एक, संध्याकाळी एक.

“कोन्ती हाय हे?” त्याने पहिल्या दिवशी विचारलं होतं.

“तुया सुजेची. कोनाले सांगू नको, तुयी माय उगा वटवट करीन.”

तो हसला होता आणि गोळी घेतली होती. मोठ्या मायने दिलेलं त्याने कधी परत केलं नव्हतं. वैशाखाचं ऊन, साक्षगंधाच्या ऑर्डरी, भट्टीपुढे दिवसभर घाम गाळणं. हात थरथरू लागला तेव्हा सिंधूताईंना वाटलं, दगदग. काल उलटी झाली तेव्हा वाटलं, ऊन बाधलं. गोळ्या त्यांनी चुकवल्या नाहीत.

*

मांडवात सनई लागली. तीन गाड्या आल्या आणि बोळात एकामागे एक उभ्या राहिल्या. सिंधूताई विधवा, म्हणून अशा कार्यात त्या मागच्या अंगणातच असत. कोणी तसं सांगितलं नव्हतं, सांगावं लागतही नव्हतं. तिथूनच त्यांना मुलाकडच्या म्हातारीचा, तानाबाईंचा, खणखणीत आवाज ऐकू येत होता. “पोरीचा भाऊ दिसून नाई राह्यला?” आणि शालिग्रामचं हसणं. “ऑर्डर होती, मावशी, धामणगाव बढ्याले. लग्नसराई हाय न.”

“बहिनीच्या साक्षगंधाले बी सुट्टी नाई देत काय पोराले? लय कंजूस हा बापा तुमी!” सगळे हसले.

सिंधूताईंनी तांब्याभर ताक घेतलं, चंचीतून गोळी काढली आणि कडी उघडली.

खोलीत आंबूस वास होता. अविनाशने सतरंजीवरच ओकलं होतं. तो एका कुशीवर पडला होता आणि त्याचे पाय मधूनच झटका बसल्यासारखे उडत होते.

“अवि. ताक घे राजा. गोळी घे.”

त्याने डोळे उघडले. नजर त्यांच्यावरून घसरून भिंतीवर गेली.

“चाळणा... चाळणा कोठी हाय? वाळू जळून राह्यली...”

“कोन्ती वाळू? मी हाय, मोठी माय.”

“मोठी माय?” त्याने जणू तो शब्द पहिल्यांदाच ऐकला होता.

मागे बांगड्या वाजल्या. अर्पिता होती. हिरवा शालू, केसांत गजरा, अर्धीच भरलेली मेंदी. ती अकोल्याला एका दवाखान्यात नर्स होती, कालच रात्री आली होती, आणि घरच्यांनी तिला दादा झोपलाय म्हणून सांगितलं होतं.

“मले समजलंच होतं तो धामणगावले नाई गेला.” ती शालू आवरत गुडघ्यांवर बसली, भावाच्या पापण्या उघडून पाहिल्या, मनगट धरलं. तिचा चेहरा बहिणीचा राहिला नाही. “कधीपासून असं?”

“चार-पाच दिवस.”

“लघवी?”

“नाई... सकाळपासून नाई.”

“मोठी माय, त्याच्या गोळ्यांशिवाय काय देल्लं?”

सिंधूताईंनी मूठ उघडली. पांढरी गोळी तळहाताच्या घामाने ओली झाली होती.

“मायीच हाय. गुडघ्याची. डाक्टरीनबाई म्हने रक्तात सूज हाय, म्हून—”

अर्पिताने गोळी उचलली, उलटून पाहिली. ती ओरडली असती तर सिंधूताईंना बरं वाटलं असतं.

“किती दिवस?”

“सहा. दिवसाच्या दोन.”

“ही गोळी अन् त्याची मिठाची गोळी सोबत चालत नाई, मोठी माय. ती अंगातून बाहेर जातच नाई मंग. साचून राह्यते. विष होते त्याचं.” ती उठली. “गोळ्या सुरू केल्या तवाच डाक्टरीनबाईनं कागद देल्ला होता. दुखन्याच्या, सुजेच्या गोळ्या विचारल्याबगर द्यायच्या नाई, पानी भरपूर पाजायचं. मी वाचला होता तो. कोठी हाय फाइल?”

बेबीताई दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“डब्यात,” त्या म्हणाल्या. “मीच ठेवली. कोनाले दिसू नये म्हून.”

शालिग्रामही आला. कय्यूमची व्हॅन बोळाच्या आतल्या टोकाला, दारापाशीच होती. अविनाशचा शाळेपासूनचा दोस्त, सकाळी भांडी घेऊन आला होता, मांडवाच्या कोपऱ्यात बसून होता. पण व्हॅन आणि मोठा रस्ता यांच्यामध्ये मेहकरच्या तीन गाड्या उभ्या होत्या.

“एक तास,” शालिग्राम म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. “टिळा होऊ दे. अंगठी होऊ दे. मंग मी सोता नेतो त्याले.”

“बाबा, तासात काय होईन हे मी सांगू नाई शकत.”

“अन् आता गाड्या काढायले लावल्या तं काय होईन हे मी सांगतो! तुयं लगन मोडन. वेड्याची बहीन म्हनतीन. तुले काय वाटते, मले तो नको हाय?” तो भिंतीला टेकला. “पोरगं हाय मायं. पन तू बी हायस न.”

 अर्पिताच्या हातावरची मेंदी शालूला लागली होती, आणि ती तो डाग बोटाने चोळत होती, घालवायला की वाढवायला ते कळत नव्हतं.

सिंधूताईंना चाळीस वर्षांपूर्वीचा तो हात आठवला, आपला, सासूच्या डोक्यावर ठेवलेला. तेव्हा एक लग्न वाचलं होतं. माणूस आधीच गेला होता.

त्या मांडवात गेल्या.

विधवा बाई टिळ्याच्या पाटापाशी आली हे आधी बायकांच्या लक्षात आलं. कुजबुज थांबली. सनईवाला दोन सूर उगाच वाजवून गप्प झाला.

“गाड्या काढा, बापा हो,” सिंधूताई म्हणाल्या. “पोराले दवाखान्यात न्याचं हाय.”

“कोन पोरगं?” तानाबाईंनी विचारलं. “अविनाश? तो तं धामणगावले—”

“नाई गेला. खोलीत कोंडला होता. बारा वर्षांपासून त्याले डोक्याच्या गोळ्या चालू हाय. थायरॉईड नाई. अन् मी अडाणी बाईनं त्याले मायी दुसरी गोळी देल्ली, त्यानं विष झालं. आता बोलायले येळ नाई. गाड्या काढा.”

कोणी हललं नाही. मग एक मामा म्हणाला, “म्हंजे आमाले फसवत होते?”

“फसवत होतो,” सिंधूताई म्हणाल्या. “माया मालकालेबी हेच होतं. तेबी लपवलं. पुरं झालं का आता? चाब्या कोनाकडे हाय?”

पाटावरून नवरदेव उठला. खिशातून चावी काढत तो बोळाकडे चालू लागला, तसे बाकीच्या गाड्यांचे ड्रायव्हरही उठले. जाताना त्याने कोणाकडेच पाहिलं नाही, दारात आलेल्या अर्पिताकडेही नाही. कय्यूम त्याच्या आधीच धावला होता. पाच मिनिटांत त्याने अविनाशला पाठीवर घेऊन व्हॅनमध्ये निजवलं.

“अवि, बे, झोपू नको. मायाशी बोल. काही बी बोल,” तो गिअर टाकताना म्हणत होता. “शिव्या दे मले.”

अविनाशचे डोळे मिटत होते. शालू नेसलेली अर्पिता त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आणि फेटा काढून पायांशी ठेवून, शालिग्राम पुढच्या सीटवर रडत होता.

*

दवाखान्यात चार दिवस यंत्राने त्याचं रक्त धुतलं. तो वाचला. किडन्या सावरल्या. पण हाताची थरथर गेली नाही, आणि जीभ जड राहिली, चाल डुलती राहिली. मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाली, थोडं सुधारेल, थोडं राहील, असं डॉक्टर म्हणाले. भट्टीपुढे उभं राहता येणार नाही, हे कोणाला सांगावं लागलं नाही.

दहाव्या दिवशी तानाबाई स्वतः आल्या. सोबत साक्षगंधासाठी या घराने त्यांना दिलेली मानाची साडी, घडी न मोडलेली. त्यांनी ती बेबीताईंच्या पुढ्यात ठेवली आणि सिंधूताईंकडे वळल्या.

“तुमी बोल्ल्या नसत्या तं चाललं असतं, बाई. आमी काय खोदून विचारलं होतं?”

 अर्पिताने चहा आणला. तानाबाईंनी तो अर्धाच प्यायला. दुसऱ्या दिवशी अर्पिता अकोल्याला ड्युटीवर गेली. जाताना तिने हिंगाची डबी रिकामी करून भट्टीत टाकली आणि नव्या गोळ्यांची पाकिटं, नावं दिसतील अशी, दुकानाच्या गल्ल्यामागच्या फळीवर लावून ठेवली. शालिग्रामने ती हलवली नाहीत. पण त्या फळीसमोर गिऱ्हाईक आलं की तो मान खाली घालून वजन करी.

सिंधूताईंनी आपली गुडघ्यांची गोळी सोडली. पायऱ्या त्या आता बसून उतरत. अविनाशने एकदा ते पाहिलं.

“गोळी... घे न... मोठी माय,” त्याला एवढं म्हणायला बराच वेळ लागला. “तुले... चालते.”

“नाई लागत मले.”

तो त्यांच्यापाशी खाली बसला आणि थरथरत्या हाताने त्यांचा गुडघा चोळू लागला. सिंधूताईंनी तो हात काढला नाही. त्याची थरथर त्यांच्या हाडापर्यंत जात होती.

महिन्याने तपासणीला बुलढाण्याला गेले तेव्हा चौघंही गेले. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त मागितलं. “या वेळी तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल,” त्या म्हणाल्या. अविनाशने बाही वर केली. शेजारच्या टेबलावर प्रेरणा नावाची एक तरुण डॉक्टर फॉर्म भरायला बसली होती. ती जुन्या फॉर्मवरून एकेक रकाना वाचत गेली.

“घरात आधी कोणाला हा आजार होता? इथे ‘नाही’ लिहिलंय. बरोबर ना?”

बेबीताई पदराशी चाळा करत राहिल्या. शालिग्राम वर पंख्याकडे बघू लागला.

“होता,” सिंधूताई म्हणाल्या.

“कोणाला?”

“आमच्या मालकाले. याच्या मोठ्या बापाले.”

“नाव?”

सिंधूताईंचे ओठ हलले आणि थांबले. लग्नात उंबऱ्यावर उखाण्यात एकदा घेतलं होतं ते नाव, मंगळागौरीला एकदा. त्यानंतर तोंडाला लावलं नव्हतं. डोहाच्या काठावर पोलिसाने विचारलं तेव्हाही ते शालिग्रामने सांगितलं होतं, सतरा वर्षांच्या पोराने. प्रेरणा वाट बघत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

“वयनी, मी सांगतो,” शालिग्राम म्हणाला.

“राहू द्या, भाऊजी.” त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला. “ज्ञानेश्वर. ज्ञानेश्वर सखाराम सुरुशे. लिवा.”

पेन चाललं. “कशाने गेले?”

“घरच्यायनं पाय घसरला म्हनून सांगतलं. घसरला नाई. तेबी लिवा.”

प्रेरणाने लिहिलं. मग फॉर्म वळवून सहीसाठी अविनाशपुढे सरकवला. त्याच्या हातामुळे टेबलावरचा पेनांचा डबा खडखडू लागला. सही करण्याआधी तो त्या ओळीवर वाकला. ज्या माणसाबद्दल या घरात त्याला कधी कोणी काही सांगितलं नव्हतं, त्याचं नाव त्याने जड जिभेने, एकेक अक्षर सुटं करत, शेवटपर्यंत वाचलं.